अनवाणी स्ट्रायकर

मॅच दुपारची होती आणि आमचा स्ट्रायकर बूट घालायला तयार नव्हता.

सुनील स्टोअररूमच्या बाकावर मांडी घालून बसला होता. समोर मी तेल लावून ठेवलेले त्याचे बूट. तो त्यांच्याकडे बघतही नव्हता.

"मावशी, नवरात्र आहे. नऊ दिवस अनवाणी राहीन म्हणून बोललोय देवीला."

"मग रेफरीला काय दाखवशील? देवीची चिठ्ठी?"

तो हसला नाही. तेव्हा मला कळलं, हे अवघड आहे.

ओझरकडच्या एका कारखान्याच्या फुटबॉल टीमचं किट मी सांभाळायचे. नवरा गेल्यावर त्याच्या जागी मला घेतलं. चौथी शिकलेल्या बाईला मशिनवर कोण उभं करणार, म्हणून स्पोर्ट्समध्ये टाकलं. जर्सी धुवायच्या, बूट राखायचे, स्टड तपासायचे. स्टड म्हणजे बुटाच्या तळाचे खुंट. ते मातीत रुततात, म्हणून खेळाडू घसरत नाही. आणि स्ट्रायकर म्हणजे सगळ्यांच्या पुढे राहून गोल मारणारा. टीम जिंकली तर सगळे जिंकतात, हरली तर शिव्या यालाच. अनवाणी खेळायला नियमात परवानगी नाही.

त्या दिवशी मुंबईच्या एका प्रोफेशनल क्लबचे सिलेक्टर सुनीलला बघायला येणार होते. प्रोफेशनल म्हणजे फुटबॉल हीच नोकरी. नव्वदीच्या त्या काळात नाशिककडे असा माणूस फिरकतच नसे. आणि इकडे सुनीलची आई इगतपुरीला आजारी. दसऱ्यानंतर तिचं पोटाचं ऑपरेशन ठरलं होतं. तेवढ्यासाठी तो वणीला जाऊन नवस बोलून आला होता. बूट घालावेत तर आईची धास्ती, न घालावेत तर हातातली संधी गेली.

कोच पिंटो सर आत आले. "सुनील, वॉर्म-अप!"

"सर, बूट नाय घालता येणार."

सरांना आधी थट्टा वाटली. मग सगळं ऐकून ते लाल झाले. "त्या माणसाला इथे आणायला मी किती फोन केलेत! आणि तू हे मला आज सांगतोस?"

"आधी सांगितलं असतं तर तुम्ही नाय म्हटलं असतं."

"अर्थात नाही म्हटलं असतं!"

"आईला काय झालं तर, सर?"

  मी त्याचा पाय ओढून तळवा बघितला. टाचेला भेगा, चवड्याखाली मोठा फोड, काटा काढलेली जागा सुजलेली. तोंडातून शिवीच आली.

"तुमच्याकडे नवसात काय चालत नाही रे? बूट की चामडं?"

"चामडं. आमचे आजोबा नवरात्रात रबरी घालायचे, गवत कापताना."

"मग हे आधी का नाही बोललास, गाढवा?"

"बूट म्हटल्यावर चामड्याचेच डोक्यात आले."

कपाटाच्या तळाशी टीमचे जुने कॅनव्हासचे बूट पडले होते, रबरी स्टडचे. त्याच्या मापाचा एकच जोड होता, तोही किंचित लहान. मी टाचेच्या बाजूला ब्लेडने चिरा दिल्या, फोडावर कापूस लावला आणि नाडी घोट्याभोवती करकचून बांधली. सरांनी बूट ओढून बघितला. "हे निघालं तर?" एवढंच म्हणाले.

निघालंच. हाफटाइमच्या आधी समोरच्या टीमचा गोलकीपर खाली पडला होता, गोल मोकळा. सुनीलने किक मारली. बूट बारवरून गेला, बॉल बाजूने. मैदान हसत सुटलं. सिलेक्टर हसले नाहीत.  हाफटाइमला मी बूट मोज्यासकट चिकटपट्टीने गुंडाळला.

दुसऱ्या हाफमध्ये उजवीकडून उंच बॉल आला आणि सुनीलने डोक्याने गोल केला. आम्ही जिंकलो. तो लंगडतच बाहेर आला.

सिलेक्टर सरळ स्टोअररूममध्ये आले. चिरलेले बूट उचलून बघितले. "याला इंज्युरी आहे का? मला खरं सांगा."

पिंटो सर माझ्याकडे बघू लागले. लपवलं तर पुढे उघडं पडणार, सांगितलं तर संधी आत्ताच जाणार. पाय मी बघितले होते, म्हणून मीच बोलले. "हाड धड आहे. कातडं फाटलंय. आईसाठी अनवाणी चालतोय."

ते सुनीलकडे वळले. "आईसाठी काट्यातून चालतोस. आणि टीमसाठी?"

"घातले ना साहेब बूट. लहान होते, तरी घातले."

त्यांनी बूट खाली ठेवले. "दसऱ्यानंतर ये. ट्रायल परत घेईन. चामड्याचे घालून ये."

तेवढे दिवस मला नीट झोप लागली नाही. तो गेला, ट्रायल दिली आणि घेतला त्यांनी. पाच-सहा सीझन खेळला, मग गुडघा गेला. आता पोरांना शिकवतो. आई ऑपरेशनमधून उठली. देवीमुळे की डॉक्टरमुळे, मला ठाऊक नाही. मी विचारायलाही गेले नाही.

त्यानंतर मात्र टीममध्ये कुणी नवस बोलायला निघाला की मी आधी नोटीस बोर्डावरचं मॅचचं वेळापत्रक बघायला लावायचे. देवी समजून घेते. सिलेक्टरचा भरवसा नसतो.