वाया जाणारी पऱ्हाटी

फॉर्म तेलुगूत होता, आणि आदिलाबाद जिल्ह्यातल्या आमच्या मंडल ऑफिसात मराठी घरातला असून तेलुगू धड लिहिता येणारा कारकून मी एकटाच. म्हणून बेल्याच्या आसपासची मराठी गावं माझ्या वाट्याला आली, त्यात माझंही गाव होतं. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. जिल्ह्याला पुढे वीज कुठून द्यायची याचा आराखडा चालला होता. साहेबांपुढे दोन वाटा होत्या. लांब कुठेतरी अणुवीज केंद्र होईल आणि तिथली तार आपल्यापर्यंत येईल, तोवर वाट पाहायची. नाहीतर ऊन, शेण, काडीकचरा यांतून जागच्या जागी वीज काढायची.

मी दुसऱ्या वाटेचा. रशियातलं अणुकेंद्र फुटल्याची बातमी आल्यापासून मी पेपरातली कात्रणं जमवत होतो आणि भेटेल त्याला वाचून दाखवत होतो. ऑफिसात आणि गावातही लोक मला ‘सूर्याचा वकील’ म्हणून चिडवायचे. मला त्याचा राग येत नसे. उलट मी आणखी हरभऱ्याच्या झाडावर चढायचो.

फॉर्ममध्ये एक रकाना होता: गावात कोणतं जळण वाया जातं? पाटलाच्या ओसरीवर बसून मी जमलेल्या शेतकऱ्यांना तेच विचारलं.

“पऱ्हाटीले कोन पुसते?” एकजण म्हणाला. “कापूस येचला का तिचं काम संपलं.”

बाकीच्यांनी माना हलवल्या. मी लिहिलं: कापसाची पऱ्हाटी, सगळी वाया जाते. खाली सही केली.

कापूस वेचून झाल्यावर वावरात उरलेली ती वाळकी झाडं कोण उपटतं आणि ती जातात कुठे, हे मी विचारलं नाही. विचारायचं कारणच नव्हतं. माझी माय उपटायची. बाप गेल्यापासून दरसाल माघ-फाल्गुनात ती लोखंडी चिमटा खांद्यावर टाकून त्याच पाटलाच्या वावरात जायची. चिमट्यात खोड धरायचं, दांड्यावर भार द्यायचा, मूळ वर यायचं. मालकाचं वावर फुकटात मोकळं व्हायचं आणि उपटणारीला पऱ्हाटी मिळायची. आमच्या वस्तीतल्या सगळ्या बायांचं वर्षाचं सरपण असंच येई. याला गावात दस्तूर म्हणत. तो कुठे लिहिलेला नव्हता. पावसाळ्याआधी ज्या घरामागे पऱ्हाटीची उंच गंजी, त्या घरची बाई हुशार, असा आमच्याकडे हिशेब असे. माझ्या शाळेच्या सगळ्या वर्षांतली भाकर त्या जाळावर भाजलेली आहे. आणि तरी मी लिहिलं, वाया जाते. याला काय म्हणावं? खुर्चीवर बसलं की माणूस खुर्चीतूनच बघतो, एवढंच मला आज सुचतं.

मग मंडलाची बैठक झाली. मी साहेबांपुढे उभा राहून बोललो. अणूची राख किती पिढ्या सांभाळत बसणार, असं विचारलं. टाळ्या पडल्या. आमच्या गावाला पऱ्हाटीतून निघणाऱ्या गॅसवर इंजिन चालवणारं एक लहानसं वीजघर मंजूर झालं. त्या दिवशी मी जवळजवळ धावतच घरी गेलो आणि मायला सांगितलं की तुझ्या पऱ्हाटीचे आता दिवे लागणार.

ती भाकर थापत होती. हात न थांबवता म्हणाली, “मंग चुलीत काय घालाचं?”

मी हसलो. “तुही दहा-वीस ओझी कोन नेते, माय? तिथं गाड्याच्या गाड्या लागतीन.”

“तू शिकेल मानूस,” ती म्हणाली. “तुले मालूम.”

त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

वीजघर झालं. दिवेलागणीला वस्तीत बल्ब लागू लागले, पोरं ओट्यावर पुस्तकं घेऊन बसू लागली. मायलाही ते आवडलं. पुढच्या फाल्गुनात ती चिमटा घेऊन पाटलाच्या वावरात गेली, तर धुऱ्यावर बैलगाडी उभी होती. पाटील म्हणाले, “यंदापासून पऱ्हाटी वीजघरात जाईन, बाई. तू उपट, तुले मजुरी देतो.” तिने दिवसभर उपटली आणि ती पऱ्हाटीच्या ओझ्याविना घरी आली. हे मला पुढे शेजारणीने सांगितलं. मायने नाही. माझी तेव्हा आदिलाबादला बदली झाली होती, महिन्यातून दोनदा येणं व्हायचं.

श्रावणातल्या एका शनिवारी बेल्याला बसमधून उतरून, चिखल तुडवत घरी पोचलो. बल्ब लागला होता. मायने ताट वाढलं: ज्वारीची टम्म फुगलेली भाकर आणि अंबाडीची भाजी. दोन भाकरी खाल्ल्या. मग पाठ टेकायला मागे सरकलो, तर पाठीला ओला वारा लागला. आमच्या घराची मागची भिंत कुडाची होती. उभी पऱ्हाटी बांधायची आणि वरून शेणमातीचा लेप द्यायचा. तिचा कमरेएवढा भाग नव्हता. तिथे पोतं लटकत होतं.

“माय, भितीले काय झालं?”

“पानी लागलं.”

मी चुलीकडे पाहिलं. जळणाऱ्या काड्यांना वाळलेली माती चिकटली होती. जाळ लागला की ती तडतडून राखेत पडत होती.

“असा काऊन पाह्यतं?” ती म्हणाली. “तू येनार व्हता. ओल्या धसकटावर भाकर कच्ची राह्यते. खाय, निवून राह्यली.”

मी चिडलो. चूक माझी असली की मी आधी चिडतो. मला सांगितलं काऊन नाही, म्हणून ओरडलो. उद्याच रॉकेलचा स्टो आणतो म्हणालो.

“मले एकटीले आनशीन,” ती शांतपणे म्हणाली. “बाकीच्या बायाइले?”

सकाळी भिंत लिंपायला मी माती कालवली. पण कुडाला पऱ्हाटी लागते, आणि सगळी वस्ती फिरलो तरी कुणाकडे चार काड्या सुट्या नव्हत्या. शेवटी वीजघरात गेलो. आवारात पऱ्हाटीचे डोंगर रचले होते. राखणदार म्हणाला, चिठ्ठीशिवाय काडी हलणार नाही. त्याच्या मागे फाटकावर पाटी होती: ‘वाया जाणाऱ्या पऱ्हाटीपासून वीज’. ती मराठी ओळ मीच लिहून दिली होती. ऑफिसचा माणूस म्हणून त्याने मला अखेर एक ओझं दिलं, तेही उपकार केल्यासारखं. ते डोक्यावर घेऊन मी भर गावातून निघालो.

“वकीलसायेब, सूर्य लय जड झाला का?” चावडीवरून कुणीतरी ओरडलं. सगळे हसले.

मायने ओझं उतरवून घेतलं. काड्या वाकवून पाहिल्या, कडकडीत वाळल्या होत्या. तिचा चेहरा उजळला. मी मातीची पाटी उचलली, तर तिने ओझं चुलीच्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं.

“भित राहू दे,” ती म्हणाली. “आठ दिस चूल चालन. त्यातल्या थोड्या शेजारी नेऊन दे.”

वस्तीचं सरपण वस्तीला राहू द्या, असा अर्ज मी पुढे ऑफिसात केला. उत्तर आलं की असा दस्तूर कुठल्या कागदावर नाही. ते खरंच होतं. कागद मीच भरला होता. काही वर्षांनी वीजघराचं इंजिन बिघडलं आणि ते बंद पडलं. पण पऱ्हाटी बायांकडे परत आली नाही. गाड्या वीटभट्ट्यांकडे वळल्या. अणुवीज नको म्हणालो याचं मला आजही वाईट वाटत नाही. परत विचारलं तरी तेच म्हणेन. पण आधी माझ्या मायला विचारेन.

नव्वदचं दशक संपता संपता माय गेली. स्टो मी आणून दिला होता. तो तिने शेवटपर्यंत फळीवर झाकून ठेवला. मागच्या भिंतीला तेव्हाही पोतंच होतं. आदिलाबादहून आलेल्या माझ्या मुलीने ते उचलून पलीकडे पाहिलं आणि विचारलं, “बाबा, इथली भिंत कुठे गेली?”

मी म्हणालो, “मी खाल्ली.”