पहिल्या पगारात यासीन सौदी झाला

"शिर्केभाऊ, मला टॅक्स लागला."

पेरोलच्या माणसाला पगाराच्या दुसऱ्या दिवशी कोणी काही सांगू नये. महिन्याभराचे ओव्हरटाइम, रजा आणि भांडणं नुकतीच अंगावरून गेलेली असतात. मी डोळे न उघडताच म्हणालो, "यासीन, सौदीत पगारावर टॅक्स नाही. असता तर तू आणि मी आपापल्या गावी असतो."

"मग हे काय?"

त्याने स्लिप पुढे केली. कपात होती, आणि चांगली घसघशीत होती. मी चष्मा लावला आणि इतका दमलेला असूनही मला हसू फुटलं. यासीन परकार, मुक्काम हर्णै, तालुका दापोली, हा आमच्या कॉम्प्युटरच्या मते सौदी नागरिक होता.

इथे सौदी माणसाच्या पगारातून दर महिन्याला सोशल इन्शुरन्स कापतात, म्हणजे त्याच्या पेन्शनचा हिस्सा. आपल्या पगारातून कापत नाहीत आणि आपल्याला पेन्शनही देत नाहीत. इंग्लंडातला माझा मेहुणा सांगतो, तिकडे नव्या नोकरीत कागद वेळेवर पोचले नाहीत की इमर्जन्सी टॅक्स लावतात. आधी भरपूर कापायचं, तू कोण हे मागून विचारायचं. यासीनचं तेच झालं होतं.

तो आधी जेद्दाला, शराफियाच्या बाजारात, कापडाच्या दुकानात सेल्समन होता. अल-खोबरला आमच्या कंपनीत स्टोअर सुपरवायझर म्हणून आला. नोकरी बदलली की इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, जुन्या कफीलाकडून नव्या मालकाकडे यावा लागतो. तो येईपर्यंत आमच्या सॉफ्टवेअरमध्ये राष्ट्रीयत्वाचा रकाना रिकामा राहतो. आणि रकाना रिकामा दिसला की ते सॉफ्टवेअर माणूस इथलाच धरतं. म्हणून जॉइनिंगच्या क्लार्कने विचारून तो भरायचा असतो.

मी क्लार्कला, इजिप्तच्या सय्यदला, बोलावलं. "हा समोर बसला होता ना? विचारायचं होतंस."

"काय विचारणार? पांढराशुभ्र पायघोळ तोब, डोक्यावर लाल रुमाल, बोलणं अस्सल जेद्दावाल्यांचं. मला वाटलं, तोच मला विचारेल, तू कुठला?"

मी यासीनकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

"पहिला दिवस होता, भाऊ. म्हटलं, जरा इम्प्रेशन पडावं."

"पडलं," मी म्हणालो.

यासीन मात्र हसला नाही. दुकानातल्या सेल्समनला कुटुंबाचा व्हिसा मिळत नाही, सुपरवायझरला मिळतो. एवढ्यासाठी त्याने जेद्दाची जमलेली नोकरी सोडली होती. बायको सलमा आणि मुलगी रुकैया यायच्या होत्या. रुकैयाची पहिलीतली जागा इंडियन स्कूलने या महिन्यापुरती धरून ठेवली होती. व्हिसाच्या अर्जाला कंपनीचं सॅलरी सर्टिफिकेट लागतं. ते आमचं सॉफ्टवेअर छापतं, आणि त्यावर लिहून येत होतं: सौदी. चेंबर ऑफ कॉमर्सने शिक्का न मारताच कागद परत पाठवला होता. वर तिथला माणूस म्हणाला होता, सौदी असशील तर परदेशी बायको करण्याची सरकारी परवानगी दाखव. यासीनला तेव्हा ती नुसती छपाईची चूक वाटली होती.

"नऊ वर्षं झाली लग्नाला," यासीन म्हणाला. "आता कोणाची परवानगी आणू?"

इकामा तर येऊन पडला होता. रकान्यात इंडिया लिहिलं की खलास. पण तो बदल एचआर मॅनेजरच्या सहीशिवाय होत नाही. आमचे मॅनेजर अबू फहद, सौदी, दिलदार माणूस. मी गेलो तेव्हा ते भिंतीवरच्या तक्त्याकडे प्रेमाने बघत होते.

कंपनीत सौदी माणसं किती असावीत याचं इथे सरकारी प्रमाण आहे. सरकारच्या नोंदीत आमचं काही बदललं नव्हतं, पण आमच्या घरच्या तक्त्यावर एका माणसाने आम्ही पिवळ्यातून हिरव्यात, म्हणजे कमीवरून पुरेशात, गेलो होतो. तो एक माणूस माझ्या टेबलाशी उभा होता.

"शिर्के, तक्ता मोठ्या साहेबांनी पाहिला. खूश झाले," अबू फहद म्हणाले. "पुढच्या मीटिंगनंतर बदलू."

"मीटिंग कधी?"

"इन्शाल्ला, होईल."

त्यानंतर मी रोज जायचो. ते रोज चहा पाजायचे. चहा उत्तम असायचा, सही नसायची. असले चहा पिऊन माणूस उपाशी राहण्यापेक्षा जास्त थकतो. शाळेतून यासीनला दोनदा फोन येऊन गेला. शेवटी मी त्याला म्हणालो, "उद्या तो तोब परत घाल."

"भाऊ, नको. तो मी पेटीत तळाशी टाकलाय."

"काढ. इस्त्री करून ये."

सकाळी यासीन आत शिरला आणि अबू फहद खुर्चीतून उठले. गालाला गाल लागले, घरच्यांची विचारपूस झाली, कहवा आला. यासीनचं अरबी झुळझुळ वाहत होतं. मी कोपऱ्यात गरीब चेहरा करून उभा.

"कुठल्या घराण्यातले?" अबू फहदनी विचारलं.

"परकार."

अबू फहद थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"आपले नवे सौदी," मी म्हणालो आणि कागद पुढे सरकवला. आमच्या कंपनीत सौदी सुपरवायझरची ग्रेड वरची, घरभाडं वेगळं, गाडीचा भत्ता वेगळा. "यांना चुकून आम्हा परदेशी लोकांचा पगार दिला गेला. नियमाने जॉइनिंगपासूनचा फरक द्यावा लागेल. इथे सही, अबू फहद. मग मोठ्या साहेबांकडे नेतो."

त्यांनी कागद वाचला. तक्त्याकडे पाहिलं. तोबाकडे पाहिलं. मग एवढे मोठ्याने हसले की कहवा सांडला.

"यल्ला, शिर्के! याला हिंदी करून टाक. आत्ता!"

अरबीत हिंदी म्हणजे हिंदुस्थानी. मी दुसरा कागद खिशात तयारच ठेवला होता.

तक्ता पिवळा झाला. मोठ्या साहेबांनी विचारलं तेव्हा अबू फहदनी सॉफ्टवेअरला दोष दिला, सॉफ्टवेअरने काही प्रत्युत्तर दिलं नाही. चेंबरचा शिक्का पडला, शाळेने व्हिसा येईपर्यंत जागा सोडली नाही, आणि कपात पुढच्या पगारात परत आली.

सलमावहिनी आल्यावर एका संध्याकाळी समुद्रकाठी कॉर्निशवर भेटल्या. यासीन शर्टपँटमध्ये होता.

"विमानतळावर हे तोब घालून आले होते," वहिनी म्हणाल्या. "रुकैया घाबरून माझ्यामागे लपली. मी म्हटलं, आधी कपडे बदला, मग मुलीला उचला."

नव्या नोकरीची पहिली स्लिप आली की सगळे खालचा आकडा बघतात. आधी वरचं वाचावं. तिथे तुम्ही कोण हे लिहिलेलं असतं, आणि लिहिणाऱ्याने बहुधा फक्त तुमचे कपडे पाहिलेले असतात.