लिनक्स आलं, आवाज गेला

ज्याला कॉम्प्युटरमधलं अर्धवट कळतं, अशा माणसाच्या हातात अकरा जुने लॅपटॉप द्या. मग किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही. रविवारी सकाळी जाऊन नुसतं खुर्चीत बसायचं, संध्याकाळपर्यंत एखाद-दुसरा पदरात पडतोच!

अंबरनाथ पश्चिमेला आमच्या विहाराच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षेवाली मुलं-मुली तिथे वाचत बसतात. एका कंपनीने तिला आपले जुने लॅपटॉप दान दिले. नवीन विंडोज काही त्यांना झेपेना. तेव्हा बेलवलीचा प्रशांत छाती काढून पुढे आला. "लिनक्स टाकू! फुकट आहे, हलकं आहे, आणि सगळं आपोआप चालतं!"

मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. चुका शोधायचा मला पगार मिळतो. इथे मी हौसेने बसलो.

*

पहिल्याच रविवारी वायफाय चालेना.

"काही नाही, ड्रायव्हर टाकावा लागेल," प्रशांत म्हणाला.

"मग टाक."

"तो इंटरनेटवरून घ्यावा लागतो."

"मग घे."

"अहो, वायफाय कुठंय?"

शेजारी अभ्यासिका सांभाळणाऱ्या शैलजाताई बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे घराला कुलूप आणि किल्ली आत!" मग त्यांनीच आपला मोबाइल केबलने लॅपटॉपला जोडून दिला. नेट सुरू!

प्रशांतने नाक मुरडलं. "हे टेम्पररी आहे हां."

पुढचे तीन रविवार ताईंचा मोबाइल त्या लॅपटॉपला लटकलेला होता. त्यांच्या घरचे फोन करून करून थकले.

*

एका लॅपटॉपचं वायफाय ड्रायव्हर टाकूनही मेलेलंच राहिलं. प्रशांत सकाळी दहाला त्याच्यासमोर बसला. काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं धो धो वाहत होती. मुलं कौतुकाने बघत होती. कुणी काही विचारलं की हा हात वर करायचा, डॉक्टर नाडी बघताना करतात तसा.

चार वाजता शैलजाताई फडकं घेऊन आल्या. टेबल पुसलं, मग लॅपटॉपच्या कडेची धूळ पुसली. टक्! वायफाय आलं.

कडेला एक बारकं बटण होतं. ते कंपनीतून येतानाच बंद होतं!

आम्ही सगळ्यांनी प्रशांतकडे पाहिलं. मान वर न करता तो म्हणाला, "माझ्या कमांडचा इफेक्ट जरा लेट येतो."

*

मग दोन लॅपटॉपचा आवाज गेला. प्रशांतने एका रविवारी त्यांच्यावर एवढे उपाय केले की तिसऱ्याचाही गेला. शेवटी मी तिन्ही उचलून उल्हासनगरला हरेशभाईंच्या दुकानात नेले. जुने लॅपटॉप दुरुस्त करण्यात त्यांचे केस पिकलेत.

"इसमें क्या डाला है?"

"लिनक्स. अभ्यासिकेतल्या मुलांसाठी."

"कौनसी कंपनी का?"

"कंपनीचं नाही हो, फुकट असतं. कोणीही घ्यावं."

हरेशभाईंनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "मुफ्त का? फिर साईं, जितना चल रहा है उतने का शुक्र मनाओ!" मग लॅपटॉप माझ्याकडे सरकवत म्हणाले, "और लायब्ररी में रखोगे ना? वहाँ आवाज चाहिए किसको?"

क्वालिटीत इतकी वर्षं काढली, पण या बोलण्यात मला एक चूक सापडली नाही.

*

एवढं होऊनही प्रशांतने विहारात व्याख्यान ठेवलं! विषय, 'सॉफ्टवेअरचं स्वातंत्र्य'. खुर्च्या भरल्या. पहिल्या रांगेत भालेराव काका. कारखान्यातून रिटायर होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण मीटिंगला वेळेआधी येऊन बसायची सवय सुटलेली नाही.

प्रशांतने लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला. भिंत कोरी. केबल काढली, घातली, फुंकर मारली. भिंत कोरीच. तो घाम पुसत बोलत राहिला, "आपण कंपन्यांचे गुलाम आहोत. पण आता स्वातंत्र्य आलंय!"

अर्ध्या तासाने काकांनी हात वर केला. "बाळा, स्वातंत्र्य आलं म्हणतोस, ते कधी दिसणार?"

*

त्यानंतर प्रशांतने काही दिवस नवं काही काढलं नाही. आम्हाला वाटलं, सुधारला. पण तो एका लॅपटॉपवरचं बोटाच्या ठशाचं कुलूप चालू करत बसला होता! अभ्यासिकेत कुणालाच ते नको होतं. मुलांना आवाज हवा होता. पण महिनाभर खपून त्याने ते चालू केलं आणि आम्हाला बोलावलं.

"हा फक्त माझ्या बोटाने उघडतो. दुनियेतलं दुसरं बोट चालणार नाही!" त्याने बोट ठेवलं. लॅपटॉप उघडला. मीसुद्धा टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात सुनीताची आई तिला न्यायला आली. सुनीता बारवीकडच्या पाड्यावरून अभ्यासाला येते. आई मजुरी करते. त्या दिवशी ती सकाळपासून रेशनच्या रांगेत उभी होती आणि रिकामी पिशवी घेऊन आली होती. तिथलं मशीन तिचा ठसा घेईना. भाताच्या कामात आणि दगडमातीत बोटांवरच्या रेघाच राहिल्या नाहीत. तीनदा पुसून बघितलं, पाण्याने धुऊन बघितलं, मग दुकानदाराने सांगितलं, "बाजूला व्हा, पुढच्याला येऊ द्या."

सुनीता हे सांगत होती आणि आई पिशवीची घडी घालत होती. शैलजाताईंनी त्यांना खुर्ची पुढे केली. प्रशांतला मात्र भलतंच सुचलं! "मावशी, इथे बोट ठेवा. बघा, नाही उघडणार. याला म्हणतात सिक्युरिटी!"

शैलजाताई त्याच्याकडे अशा बघत होत्या की त्याच्या जागी मी असतो तर जिना उतरून घरी गेलो असतो.

मावशींनी आधी बोट पदराला पुसलं. मग अलगद ठेवलं.

लॅपटॉप उघडला.

प्रशांतने तो घाईघाईने बंद केला. "एक मिनिट. परत ठेवा."

परत उघडला. डाव्या हाताचं ठेवलं, तरी उघडला!

प्रशांतचा चेहरा पडला. सुनीता तोंडाला ओढणी लावून हसत होती. मावशी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी आपल्या बोटाकडे पाहिलं, लॅपटॉपकडे पाहिलं आणि अगदी मनापासून म्हणाल्या, "दादा, ह्यो रेशनच्या दुकानात नेऊन ठेव ना!"