गाडी कुठं लावलीय?

माझ्याकडे गाडी नाही. घ्यावी असं कधी वाटलंही नाही, कारण पाथर्डी तालुक्यातल्या ज्या गावात मी शिकवते तिथे शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि बाकी कुठे जायचं तर फाट्यावर जीप मिळते, एसटी मिळते. गाडी नसणं हा आपल्यातला काही दोष आहे, हे मला नगरच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात समजलं. शहराचं नाव आता बदललं आहे, पाट्याही नव्या लागल्यात, पण आमच्याकडे अजून सगळे नगरच म्हणतात, तेव्हा मीही तसंच लिहिते.

गेल्या हिवाळ्यात आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. आई माझ्याजवळच असते. तिची उमेदीची सगळी वर्षं ऊस तोडण्यात गेली. दिवाळी झाली की ती आणि वडील कोपरगावकडे नाहीतर संगमनेरकडे कारखान्याला जायचे आणि उन्हाळा तापायला लागला की परत यायचे. वडील गेल्यावर तिचा कोयता सुटला, चालणं मात्र सुटलं नाही. अजूनही ती माळावरून मावशीच्या वस्तीवर पायी जाते आणि जीपवाल्याने "बसा की आजी" म्हटलं तरी बसत नाही. त्यामुळे नगरला जायचं ठरलं तेव्हा तिच्या चालण्याची मला अजिबात काळजी नव्हती. नीट दिसत नाही म्हणून हात धरायला लागेल, एवढंच डोक्यात होतं.

सकाळच्या एसटीने आम्ही स्टँडवर उतरलो. दवाखाना शहराच्या दुसऱ्या अंगाला. टपरीवाल्याला विचारलं, शहर बस कुठे मिळेल? त्याने मला नवख्या माणसाकडे बघतात तसं बघितलं. "येती ना. कधी येती ते सांगता येत न्हाई." बाजूला शेअर रिक्षा उभ्या होत्या. त्यातल्या एकाने आम्हाला बसवलं आणि "भरली की निघू" म्हणून तो चहाला गेला. रिक्षा भरली, मग जरा जास्तच भरली. आईच्या मांडीवर कुणाचीतरी पिशवी आली आणि माझा एक पाय बाहेर राहिला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. आमच्याकडच्या जीपमध्ये याहून वाईट बसतात.

तक्रार पुढची आहे. रिक्षावाल्याने एका रुंद रस्त्याच्या कडेला आम्हाला उतरवलं आणि म्हणाला, "समोर बोर्ड दिसतोय ना ताई? तोच दवाखाना. नुसतं पलीकडं जायचं."

नुसतं पलीकडे जायचं! मधोमध छातीएवढ्या उंचीचा लोखंडी कठडा, डावीकडे नजर जाईल तिथपर्यंत आणि उजवीकडेही तिथपर्यंत. दवाखान्याच्या पायऱ्या दिसत होत्या, पायऱ्यांवर बसलेली माणसं दिसत होती, आणि तिथे जायला वाट नव्हती. एका दुकानदाराने सांगितलं, पुढे चौकात जा, तिथून वळून या. निघालो. फुटपाथ होता, पण त्यावर गाड्या होत्या. गाड्या संपल्या तिथे शोरूमने फरशी घालून आपली पायरी पुढे काढली होती, ती संपली तिथे विजेची डीपी होती. प्रत्येक वेळी आईला घेऊन मला रस्त्यात उतरावं लागे, आणि प्रत्येक वेळी मागून हॉर्न वाजे, जणू आम्ही मुद्दाम त्यांच्या अंगणात शिरलो होतो.

चौकात पोचलो तर तिथेही तीच गत. सिग्नल पिवळा लुकलुकत होता, म्हणजे ज्याने त्याने आपलं बघावं. आम्ही कडेला उभ्या राहिलो. कुणी थांबेना. मी एकदा पाऊल पुढे टाकलं आणि एक मोटारसायकल इतकी जवळून गेली की आईने मला मागे ओढलं. मग तिने माझं मनगट सोडलंच नाही. ही बाई उसाची मोळी डोक्यावर घेऊन, चिखलात टेकवलेल्या लाकडी शिडीवरून ट्रकमध्ये चढायची. तिला घाबरलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. भीती मला नाही वाटली, माझी तळपायाची आग मस्तकात गेली. या रस्त्यावर दवाखाना बांधताना, समोर कठडा उभा करताना, आंधळं माणूस पायी येईल असं कुणाच्याच मनात आलं नसेल? डोळ्यांच्या दवाखान्यात दुसरं कोण येणार?

शेवटी उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आला. ड्रायव्हरने आईकडे बघितलं, ट्रॅक्टर थांबवला आणि हात करून म्हणाला, "जावा, आजी." त्याच्यामागे सगळी रांग थांबली, हॉर्नचा नुसता गोंधळ. आई अर्ध्या रस्त्यात थबकून त्याला विचारते, "कंच्या कारखान्याचा ऊस रं?" मी तिला ओढतच पलीकडे नेलं.

दवाखान्यात काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता विचारलं, "गाडी कुठं लावलीय? पुढं लावली असेल तर मागच्या पार्किंगला न्यायला सांगा." मी म्हटलं, गाडी नाही. तिने तेव्हा कुठे वर बघितलं. "मग आलात कशा?"

ऑपरेशन छान झालं, हे आधी सांगायला हवं. डॉक्टरीणबाई भल्या होत्या. आईला "घाबरायचं नाही हं" म्हणून त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो ती अजून आठवते. एक रात्र आम्हाला ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टरने सगळं समजावलं. धूळ लागू द्यायची नाही, धक्का लागू द्यायचा नाही, वाकायचं नाही, काळा चष्मा काढायचा नाही. मग म्हणाल्या, "तुमची गाडी पोर्चमध्ये लावा. गाडी लागली की आजींना खाली सोडू. नियमच आहे, पेशंटला पायी सोडत नाही आम्ही."

मला तो नियम आवडला. कुणीतरी आईची काळजी करतंय असं वाटलं. मी रस्त्यावर जाऊन, दोन रिक्षावाल्यांनी नाही म्हटल्यावर तिसऱ्याला कबूल करून, फाटकापर्यंत आणलं. फाटकावरच्या वॉचमनने आडवा दांडा वर केला नाही.

"रिक्षा आत घेत न्हाईत, मॅडम."

"पेशंट आहे. डोळ्याचं ऑपरेशन झालंय."

"असू द्या. रिक्षा उभी ऱ्हायली की मागं गाड्या अडकत्यात. साहेबांनी सांगितलंय."

"अहो, तुमच्याच सिस्टर म्हणतात की गाडीशिवाय सोडणार नाही."

"मग गाडी आना ना."

रिक्षावाला म्हणाला, ताई, मला वेळ नाही, आणि निघून गेला. मी काउंटरवर गेले. मुलगी म्हणाली, ते सिक्युरिटीचं आहे. वॉचमन म्हणाला, ते काउंटरचं आहे. मग मी व्यवस्थापकांच्या केबिनमध्ये शिरले. तरुण होते, नम्र होते. खुर्ची दिली, पाणी मागवलं. सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "काय आहे मॅडम, आमच्याकडे बहुतेक पेशंट स्वतःच्या गाडीनेच येतात. तुमच्यासारखे थोडे असतात."

केबिनच्या काचेतून बाहेरचा हॉल दिसत होता. तिथे धोतरं होती, नऊवारी लुगडी होती, भाकरीची फडकी बांधलेल्या पिशव्या होत्या. काल रात्री त्यातल्या कितीतरी जणांशी आई बोलली होती. कुणी शेवगावकडून आलेलं, कुणी जामखेडकडून, सगळे एसटीने नाहीतर माणशी भाडं घेणाऱ्या वडापच्या जीपने. मी व्यवस्थापकांना म्हटलं, "साहेब, जरा मान वळवून बाहेर बघा. यातल्या कुणाची गाडी तुमच्या पार्किंगमध्ये आहे ते मला दाखवा." त्यांनी मान वळवली नाही. हसले. "तुमची सूचना चांगली आहे, विचार करू."

"मी सूचना देत नाही," मी म्हटलं. "मी विचारतेय, माझ्या आईने घरी कसं जायचं?" माझा आवाज चढला होता. वर्गात मी इतकी कधी चिडत नाही. तीन मजली पार्किंग बांधायला तुम्हाला जागा मिळते, आणि रिक्षा दोन मिनिटं उभी राहायला मिळत नाही? फाटकापाशी एक बाक टाकता येत नाही? दारात शिपाई बसवलाय तो आजारी माणसाला आत घ्यायला की बाहेर ठेवायला? ते फोन उचलून कुणाशी तरी बोलायला लागले. फोन वाजला नव्हता.

बाहेर आले तर आई पायऱ्या उतरून खाली उभी. काळा चष्मा, डोक्यावरून पदर, हातात औषधांची पिशवी. सिस्टर मागे मागे, "आजी, थांबा हो!"

"भांडून झालं का?" आईने विचारलं. "चल मंग."

आणि ती निघाली. फाटकापर्यंत जायला एक उताराची सिमेंटची वाट होती, दोन्ही बाजूंनी भिंत. त्या वाटेच्या बरोबर मधून आई चालायला लागली. मी तिचा दंड धरला. मागून पांढरी कार आली, तिने हॉर्न दिला. आईने वेग वाढवला नाही की बाजूला झाली नाही. पुन्हा हॉर्न. आई मागे न बघता म्हणाली, "वाजव बाबा. माझं डोळं गेल्तं, कान न्हाई."

वॉचमन पुढे धावत आला. "ओ आजी, बाजूला व्हा, ह्यो गाड्यांचा रस्ता हाय."

"मानसांचा कंचा हाय मंग?"

तो खरंच दाखवायला गेला. त्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. दोन्हीकडे भिंत होती. मग त्याने दांडा वर केला, कारसाठी. आम्ही त्याखालून बाहेर पडलो, मग कार.

रस्त्यावर आल्यावर धूळ होतीच. समोर खोदकाम चाललेलं. मी माझ्या ओढणीने तिचा चेहरा गुंडाळला आणि आम्ही एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. येणारी प्रत्येक रिक्षा भरलेली. मी उठून हात करत होते आणि पुन्हा बसत होते. आई ओढणीच्या आडून म्हणाली, "कारखान्याला जाताना बरं ट्रक दारात येत हुता. आमी अजून भांडी बांधतोय तवर मुकादम हाका मारायचा, चला, चला. ऊस तोडाया न्यायला गाडी येती बघ. डोळ्याला न्यायला न्हाई येत."

तिने ते रागाने म्हटलं नव्हतं. जे आहे ते म्हटलं होतं. राग मला आला, आणि तो मला अजून आवरता आलेला नाही. साखर या सगळ्यांच्या घरात जाते. ती बनवायला माणसं लागतात तेव्हा ती माळावरून, घाटाखालून, कुठूनही शोधून आणली जातात. तीच माणसं म्हातारी होऊन शहरात औषधाला आली की त्यांच्या पायाखाली वीतभर जागा नसते.

शेवटी भाजीच्या टोपल्या घेतलेल्या एका बाईने आपली रिक्षा थांबवायला लावली, एक टोपली मांडीवर घेतली आणि आईला जागा केली. मी पुढे ड्रायव्हरच्या बाजूला अर्धी लोंबकळत स्टँडवर पोचले. एसटीत आईने खिडकीकडे पाठ केली आणि करंजीचा घाट येईपर्यंत झोपली.

पुढच्या आठवड्यात तपासणीला गेलो तेव्हा मी तयारीने गेले होते. स्टँडवरूनच आमच्यापुरती रिक्षा केली आणि ड्रायव्हरला आधीच सांगितलं, फाटकापाशी भांडण होणार आहे. तो हसला. फाटकाशी तोच वॉचमन. "हितंच उतरा." आई म्हणाली, "मी न्हाई उतरत." आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली. मागे कार येऊन थांबली, तिच्यामागे दुसरी. हॉर्न सुरू झाले. तिसरी गाडी एका डॉक्टरांची निघाली, ते उतरून पुढे आले. "काय प्रकार आहे?" मी सांगितलं. सगळं, मागच्या आठवड्यापासूनचं. त्यांनी वॉचमनला नुसती मानेने खूण केली. दांडा वर गेला आणि आमची रिक्षा ऐटीत पोर्चमध्ये शिरली. ड्रायव्हरने गरज नसताना हॉर्न वाजवला.

उन्हाळ्यात दुसऱ्या डोळ्यासाठी गेलो तेव्हा फाटकावर नवी पाटी होती. रिक्षांना पेशंट सोडण्यासाठी आणि नेण्यासाठी आत परवानगी. हा आमच्या भांडणाचा परिणाम की आणखी कुणाच्या, मला माहीत नाही. आत रिक्षा जाते आता, हे खरं. रस्त्यावरचा कठडा तिथेच आहे. चौकातला सिग्नल तसाच लुकलुकतो.

आईचे दोन्ही डोळे आता स्वच्छ आहेत. शेवटच्या तपासणीनंतर तिला समोरच्या बाजूच्या दुकानात बिननंबरी काचेचा, साध्या फ्रेमचा चष्मा बघायचा होता, म्हणून आम्ही पुन्हा त्या चौकाच्या कडेला जाऊन उभ्या राहिलो. गाड्या जात होत्या. आईने बराच वेळ दोन्हीकडे नीट निरखून बघितलं.

"मला वाटायचं, दिसत न्हाई म्हनून भ्या वाटतंय," ती म्हणाली. "आता समदं दिसतंय, तर लईच भ्या वाटतंय."

मी तिचा हात धरला, दुसरा हात वर केला आणि रस्त्यात उतरले. ब्रेक करकरले. एका कारवाल्याने काच खाली करून मला काहीतरी ऐकवलं. मीही ऐकवलं, आणि आई पलीकडे पोचेपर्यंत ऐकवत राहिले.