एका वायरच्या तीन मालकिणी

आम्ही तिघी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो, तिघींच्या टेबलांवर तीन कॉम्प्युटर होते आणि इंटरनेट एकाच कॉम्प्युटरवर येत होतं. हे लिहितानाही मला राग येतो.

कॉलेजचं हॉस्टेल भरलं होतं, म्हणून कॉलेजनं पिरंगुटजवळच्या भरे गावातल्या एका शेतकऱ्याच्या घराचा वरचा मजला मुलींसाठी घेतला होता. कागदोपत्री ते हॉस्टेलच. रजिस्टर होतं, नियमांची पाटी होती, फक्त रेक्टरच्या जागी घरमालकीण मावशी होत्या आणि त्या पाटीकडे ढुंकूनही बघत नसत. फोन खाली मावशींच्या बैठकीत आणि त्याच्या शेजारी मॉडेम. तिथून एक निळी वायर खिडकीतून वर आमच्या खोलीत यायची. मॉडेमवर धूळ बसू नये म्हणून मावशींनी त्यावर विणलेला रुमाल घातला होता. त्यामुळे तो तापून बंद पडतो, हे आम्हा भावी इंजिनिअरांना दीड महिन्यानं कळलं.

आमच्यातली एक जळगावची, एक लातूरची आणि मी सोलापूरची. जळगावची इलेक्ट्रॉनिक्सला होती, म्हणून वायरींचा कारभार तिच्याकडे. ती पुण्याला जाऊन स्विच नावाची एक डबी घेऊन आली. निळी वायर डबीत, डबीतून तीन वायरी तीन कॉम्प्युटरना. सगळे दिवे लुकलुकले आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. मग जिनं आधी लॉग-इन केलं तिला इंटरनेट मिळालं आणि बाकी दोघींना पडद्यावर उत्तर आलं की पासवर्ड चुकीचा आहे. पासवर्ड बरोबर होता. एका वेळी एकीलाच आत घ्यायचं, असा पलीकडचा, म्हणजे इंटरनेट कंपनीचा, नियम होता, पण तसं सरळ न सांगता पासवर्डवर खापर फोडलं जात होतं. हे उमगेपर्यंत तीन दिवस आम्ही एकमेकींवर संशय घेतला. पासवर्ड बदलला नाही अशी शपथ मी लातूरच्या मुलीला देवाच्या फोटोवर हात ठेवून घ्यायला लावली. ती बिचारी रडली, तरी मला खरं वाटलं नाही.

राउटर आणला की सगळं सुटणार होतं. पण तो आणायला पुण्याला कुणी जायचं? स्विच आणायला मी गेले होते, आता तुम्ही जा, असं जळगावची म्हणाली, आणि तिचं बरोबर असल्यामुळे आम्ही दोघींनी तो विषयच बंद केला. तोवर जी आधी बसेल तिची लाइन, असं चाललं.

एका संध्याकाळी जळगावची दीड तास उठेना. मी तीनदा विचारलं, "झालं का?" तिन्ही वेळा ती नुसतं "हं" म्हणाली. माझं डोकं फिरलं. मी उठले आणि डबीतून तिची वायर उपटली. ती एका स्पर्धेला तिच्या प्रोजेक्टची फाइल पाठवत होती, फाइल जवळजवळ पूर्ण गेली होती आणि मुदत त्याच संध्याकाळी संपत होती. पुन्हा पाठवेपर्यंत मुदत संपली. वर्षभर खपून केलेलं काम. मी तिथल्या तिथे माफी मागायला हवी होती. मी काय म्हणाले, तर "तोंडानं सांगता येत नाही का?"

ती जी किंचाळली, ती ऐकून मावशी पिठाच्या हातांनी वर आल्या.

"काय मांडलंय गं पोरींनो? खाली पावनं बसल्यात."

लातूरच्या मुलीनं त्यांना सगळं समजावून सांगितलं. मावशींना अर्ध्या मिनिटात कळलं.

"म्हंजी इहीर एक आन मोटारी तीन. मग पाळ्या लावा की."

मावशींची विहीर त्यांच्यात आणि त्यांच्या जावेत सामाईक होती. दोघी अकरा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या, पण पाण्याची पाळी एकदाही चुकली नव्हती. आपलं पाणी घेऊन झालं की मोटरच्या खोलीच्या कडीला पिवळं फडकं बांधायचं, दुसरीनं ते सोडून आपली मोटर चालू करायची. "बोलायची गरजच न्हाई," असं त्या मोठ्या अभिमानानं म्हणाल्या. शिवाय एका वायरवर तिघी चढल्या तर जोर कमी पडणार, हेही सांगून गेल्या. आम्ही तोंड फिरवून हसलो. पुढे जिथे जिथे राउटर लावला तिथे जोर कमीच पडला.

तर दोन ते चार माझी पाळी, चार ते सहा जळगावचीची, सहा ते आठ लातूरचीची. ज्या कॉम्प्युटरवर पिवळं फडकं, तिची लाइन. आमचंही मावशींसारखंच छान चाललं, म्हणजे जळगावची आणि मी चार महिने एक शब्द बोललो नाही. तीन फुटांवरून निरोप जायचे. "तिला सांग, खिडकी लाव." लातूरची मुलगी उठून तीन फूट जायची आणि सांगायची. एरवी तिनं एकीपुढे दुसरीचं नावही काढायचं नाही, अशी दोघींनीही तिला सक्त ताकीद दिली होती.

मग तो गुरुवार आला. गुरुवारी पिरंगुटचे कारखाने बंद, म्हणून वीजवाले त्याच दिवशी दुरुस्ती काढायचे आणि वीज सकाळपासून गायब. साडेतीनला माझ्या वर्गातल्या एका मुलीचा फोन आला. मला ज्या कंपनीनं घेतलं होतं तिचा मेल आलाय, आज पाचपर्यंत साइटवर होकार भरायचा, नाहीतर जागा गेली. मंदीचं वर्ष होतं, दिलेल्या नोकऱ्या कंपन्या धडाधड परत घेत होत्या. बाबांनी तर माझ्या नोकरीची बातमी दात काढायला गेले असताना डॉक्टरलाही सांगितली होती. दुसरी नोकरी मिळेल अशी मला अजिबात आशा नव्हती.

वीज आली चार वीसला. माझी पाळी विजेविना गेली होती आणि फडकं जळगावचीच्या कॉम्प्युटरवर होतं. पिरंगुटला कॅफेत जायचं तर एसटी पाचला. मी खाली धावले. मावशी मटार सोलत होत्या.

"मावशी, आजचा दिवस पाळी मोडा ना. तुम्ही सांगितलं तर ती ऐकेल."

"पाळी मोडायची न्हाई," मावशी म्हणाल्या. "पन मागता येती. माग की तिला."

"आम्ही बोलत नाही."

मावशींनी हातातली शेंग खाली ठेवली. "एक साल माजा गहू ऐन ओंबीत हुता. माज्या पाळीला दोन दिस लाइट न्हवती, मंग लाइट आली तर जावंची पाळी. नुसतं म्हनले असते तरी दिलं असतं तिनं. मी म्हनलेच न्हाई. गहू गेला." मग पुन्हा शेंग उचलून म्हणाल्या, "लई शानी हाय मी. जा वर."

मी वर गेले. चार तीस. जळगावची मान खाली घालून काहीतरी टाइप करत होती.

"ऐक ना," मी म्हणाले. ती वळली. "मला पाचच्या आत एक फॉर्म भरायचाय. तुझी पाळी देशील?" माझा आवाज इतका बारीक निघाला की लातूरची मुलगी पुस्तकातून मान वर काढून बघायला लागली. "आणि त्या दिवशी मी वायर काढली ना, चुकलं माझं. खूप चुकलं."

ती क्षणभर पडद्याकडे बघत राहिली. मग तिनं लॉग-आउट केलं आणि फडकं माझ्याकडे फेकलं. "कर लवकर."

सगळ्या कॉलेजांची मुलं त्या साइटवर तुटून पडली असणार. पान उघडायलाच दहा मिनिटं गेली. चार एकावन्नला होकार पोचल्याचं उत्तर आलं आणि मी खुर्चीतच रडायला लागले.

"झालं?" मागून जळगावची म्हणाली. "मग सोड लाइन. मलाही तेच भरायचंय."

मला काही कळेना. त्याच कंपनीच्या दुसऱ्या यादीत तीही होती, दोन महिन्यांपासून. मी आले तेव्हा तिचा अर्धा फॉर्म भरून झाला होता आणि तो अजून तिच्या पडद्यावर तसाच उघडा होता. मी लातूरच्या मुलीकडे बघितलं.

"तुम्हीच म्हणाला होतात ना, नाव काढू नको," ती म्हणाली.

मी लाइन सोडली. जळगावचीनं लॉग-इन केलं. पासवर्ड चुकीचा. पुन्हा केलं, पुन्हा चुकीचा. पलीकडून मला अजून बाहेर काढलं नव्हतं. मी जिन्यावरून उड्या मारत खाली गेले, मॉडेम बंद करून चालू केला, वर आले. तिच्या खुर्चीची पाठ धरून उभी राहिले आणि माझ्या स्वतःच्या फॉर्मसाठी केले नव्हते एवढे नवस त्या तीन मिनिटांत केले. चार अठ्ठावन्नला तिचाही होकार पोचला.

"अगं, तू वेडी आहेस का?" मी ओरडले. "तुझा अर्धा भरून झाला होता. मला का दिलीस आधी?"

ती कपाळावरचा घाम पुसत होती. "चार महिने वाट बघत होते," ती म्हणाली, "तू कधीतरी माझ्याकडे काहीतरी मागशील म्हणून."