गाणं अंबूबाईचं

वाशिंदच्या पलीकडे कुणाच्या घरी हळद असली, की भटाच्या आधी अंबूबाईला आवतण जायचं. ती धवलारीण, म्हणजे लग्नाची गाणी म्हणणारी. ती दिसली नाही तर लोक विचारत, "का गो, यजमानीण भांडली काय अंबूशी?" आवाज असा खणखणीत, की लाऊडस्पीकरवाला मुकाट्यानं बिडी ओढत बसायचा.

पुतणी भाग्यश्रीच्या हळदीला तिनं स्वतः जुळवलेलं गाणं म्हटलं. 'व्याहीण आली रुसून, म्हशीच्या पाठीवर बसून.' व्याहीण खरंच रुसलेली होती, त्यामुळे अख्खा मांडव पोट धरून हसला. शेवटी व्याहीणही हसली. गाणं शहापूर-मुरबाडभर गाजलं. मग कल्याणहून एक कॅसेटवाला शेठ आला. अंबूबाईला स्टुडिओत नेलं, गाऊन घेतलं आणि जाता जाता विचारलं, "बाई, हे गाणं कुणाचं?"

इथंच घात झाला. धवलारीण 'माझं गाणं' असं कधी म्हणत नाही. मांडवात मीपणा केला तर तो नवरा-नवरीला बाधतो, असं आईनं शिकवलेलं. म्हणून ती रीतीप्रमाणे म्हणाली, "आमचं कसलं? देवाचं, जुन्या बायांचं."

शेठला काय, आंधळा मागतो एक डोळा! कॅसेटवर छापलं, 'पारंपरिक'. आणि गाणारीचं नाव? भिंग घेऊन शोधलं तरी सापडायचं नाही. गाणं टेम्पोत वाजलं, गणपतीत वाजलं, आटगावच्या स्टेशनाबाहेर भजीवाल्याकडे वाजलं. लोक अंबूबाईलाच सांगायचे, "अंबू, ह्ये नवीन गानं शीक गो!" ती चुलीत फुंकर घालायची. पण आतून जळायची. का नाही जळणार?

असं दहा-बारा वर्षं चाललं. मग वाशिंदचा प्रणित मधे आला. हा कंप्युटर शिकलेला पोरगा नोकरी सांभाळून घरीच एक गेम बनवत होता. नवरदेवाची बैलगाडी खड्डे-ओढे चुकवत वेळेत मांडवात पोचवायची, असा खेळ. त्यात त्याला हेच गाणं हवं होतं. फुकट उचलायचं नव्हतं, म्हणून तो परवानगी मागायला शेठकडे गेला. शेठ तयारच होता, पण पक्का बेरकी. गाण्याला उद्या धनी निघाला तर? म्हणून तो कागद घेऊन प्रणितसोबत थेट अंबूबाईच्या अंगणात उतरला. गाणं जुनं आहे, मी रचलेलं नाही, असं लिहून सही द्यायची, एवढंच.

अंबूबाई आणि तिच्या जोडीनं गाणारी ताराबाई तांदूळ निवडत होत्या.

"सही नाय देनार," अंबूबाई म्हणाली.

"बाई, तुम्हीच म्हणाला होतात, देवाचं गाणं."

"म्हनलं. रीत हाय म्हनून म्हनलं. देवानं कदी बगितली रे माजी व्याहीण?"

प्रणितला हसू आवरेना. ताराबाईनं मात्र तिचा हात धरला. "अंबू, नको गो. धवलारनीनं माजं म्हनू नये. बाधतं."

"कोनाला बाधंल? इथं ना मांडव, ना नवरा! इतकी वर्सं मलाच बाधतंय." सूप बाजूला सारून ती उठली. आवाज मांडवातला लागला. "माजं गानं हाय. मी जुळवलं. ऐकलंस? माजं!"

आयुष्यात पहिल्यांदा तिनं गाण्याला 'माझं' म्हटलं होतं. ताराबाईनं डोळे मिटून देवाचं नाव घेतलं.

अंबूबाई प्रणितकडे वळली. "ह्याची कॅसेट ह्याला लखलाभ. तुज्या गाडीसाटी मी नव्यानं म्हनते. पन खाली माजं नाव लिवायचं."

"लिहितो, मावशी," प्रणित म्हणाला.

शेठचा पारा चढला. "मग केस टाकतो! पोराचा गेम बंद पाडीन आणि म्हातारपणी तुम्हाला कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावीन!"

प्रणितचा चेहरा पडला. अंबूबाईनं मात्र पदर खोचला आणि तो बिनसहीचा कागद परत शेठच्या हातात ठेवला.

"टाक ना केस! कोर्टात उबं केल्यावर पयलं काय इचारतात? नावच ना? सांगते की. अंबूबाई राघो भोईर. तू कॅसेटवर नाय लिवलंस, ते तितं त्यांना लिवावंच लागंल."