मुंडावळ्या बांधलेला बादशहा

परवा परळीत शालनच्या नातवाच्या कपाळावर मोत्यांच्या मुंडावळ्या बांधताना मला एकदम तापलेल्या धुळीचा वास आला, आणि मी दुष्काळातल्या त्या तलावाच्या खोदकामावर जाऊन उभी राहिले.

शालन माझी चुलत बहीण. वऱ्हाडाला पाजायला पाणी नाही म्हणून तिचं परळीच्या मुलाशी ठरलेलं लग्न लांबलं होतं. मी औरंगाबादला इतिहास शिकत होते आणि सुट्टीत तिच्यासोबत माती उचलायला जायचे. त्या दुपारी माझ्या पाटीत नखाएवढं हिरवट नाणं निघालं. मातीनं इतकं माखलेलं, की काहीच दिसेना.

"धुवायला हवं," मी म्हणाले आणि जीभ चावली. साखर कारखान्याचा टँकर संध्याकाळशिवाय येणार नव्हता.

शालननं आपल्या तांब्यातलं उरलंसुरलं पाणी सरळ नाण्यावर ओतलं. बोटानं चोळताच एक चेहरा वर आला.

"आगं, मुंडावळ्या बांधल्यात की ह्यानं! नवरदेव हाय ह्यो!"

मी किंचाळलेच. डोक्याला मोत्यांची पट्टी, मागं गाठ, कडेला इंग्रजीसारखी अक्षरं! ही तर उत्तरकाळातल्या रोमन बादशहांची खूण!

"शाले, हा रोमचा बादशहा आहे! समुद्रापलीकडनं आलाय!"

बाया पाट्या टाकून धावल्या. "प्यायचं पानी कावून सांडलंस गं?" एकजण ओरडली.

तेव्हा मला फक्त बादशहा दिसत होता. आता आठवतात ते शालनचे सुकलेले, हसणारे ओठ.

"नवरदेवाला आंघोळ नको व्हय?" ती म्हणाली. "ह्यो समिंदर वलांडून आला. माजा परळीतनं येईना झालाय!"